पाच नंबरच्या आजींची नळी

बाळा,

तुझा मेसेज नाईट संपवून घाईत लिहिलेला दिसतो, निम्म्या ओळी अर्ध्याच आहेत. पण कळलं ते असं: पाच नंबरच्या खाटेवरच्या आजींना हुडहुडी भरून ताप आला आणि इन्चार्ज सिस्टरांनी तुला विचारलं, कॅथेटर केअर (लघवीच्या नळीची रोजची स्वच्छता) दिली होतीस ना? तू दिली होतीस, दोन्ही वेळा, बेटाडीन हे जंतुनाशक लावून. मग चुकलं कुठे?

मला आधी सांग, आजींना नळी होती कशासाठी? ॲडमिशनच्या दिवशी धाप लागली होती, तासातासाची लघवी मोजायची होती, म्हणून कॅज्युअल्टीत घातली. बरोबरच होतं. पण धाप चौथ्या दिवशी थांबली, आजी खुर्चीत बसून चहा प्यायला लागल्या, आणि नवव्या दिवशीही नळी आतच. राउंडला डॉक्टर चादर उचलून बघत नाहीत. बऱ्याचदा नळी आहे हेच त्यांच्या लक्षात नसतं. आपल्या असतं, कारण लघवीची बॅग आपण रिकामी करतो.

नळी आत असेल तर दर दिवसामागे शंभरातल्या तीन ते सात जणांच्या लघवीत नव्याने जंतू शिरतात. महिनाभर राहिली तर जवळपास सगळ्यांच्याच. नळीला आतून-बाहेरून चिकट थर धरून ते बसतात, तिथे अँटिबायोटिकचंही फारसं चालत नाही, मग बेटाडीनचं काय चालणार! रोजच्या स्वच्छतेला साबण-पाणी पुरतं. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेच्या २००९ च्या सूचनाही हेच सांगतात. आपल्याकडे मात्र अजून बाटल्या रिकाम्या होतात.

माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट. एका आजोबांना एक्स-रेला नेताना वॉर्डबॉय मामांनी भरलेली बॅग त्यांच्या पोटावर ठेवली. मी केसपेपर घेऊन शेजारून चालत होते, दिसत होतं, बोलले नाही. बॅग वर गेली की साठलेली लघवी उलटी मूत्राशयात जाते. दोन दिवसांनी त्यांना ताप आला. त्यामुळेच आला असं म्हणता येणार नाही, पण तेव्हापासून मी आधी बॅग रिकामी करते, मग स्ट्रेचर हलू देते. खाटेला हूक नसेल तर दांडीला गॉजची पट्टी बांधून बॅग अडकव. मूत्राशयाच्या खाली, पण फरशीला न टेकता. आणि एकच जग, म्हणजे लघवी ओतून घ्यायचं भांडं, घेऊन सगळ्या वॉर्डाच्या बॅगा रिकाम्या करत फिरणाऱ्यांना तू तरी सामील होऊ नकोस. प्रत्येकाचा जग वेगळा, ग्लोव्ह्ज वेगळे.

आता खरं बोलते. चाळीस पेशंटना दोन सिस्टर असल्या की नळी आपल्याला सोयीची वाटते. चादर भिजत नाही, बेडपॅन द्यावा लागत नाही. मीही या मोहात पडले आहे. लघवी तुंबली असेल, किंवा माकडहाडाशी जखम असून ती सारखी भिजत असेल, तर नळी हवीच. नुसत्या भिजणाऱ्या पुरुष पेशंटला बाहेरून लावायचा कंडोम कॅथेटर चालतो. बाकीच्यांसाठी राउंडला विचारायचं, पण ‘नळी ठेवायची का’ असं नाही, त्याला ‘राहू दे’ हेच उत्तर येतं. ‘सर, आज पाच नंबरची नळी काढू ना?’ असं विचार. काढण्याआधी नळी बांधून मूत्राशयाला सवय लावायची गरज नसते. काढल्यावर सहा तासांत लघवी झाली का, एवढं बघ, आणि पुढच्या ड्यूटीला ओव्हर देताना सांग.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस. आजींची लघवी कल्चरला (जंतूंच्या तपासणीला) पाठवलीस ती कुठून घेतलीस? नळीवरचं नमुना घ्यायचं पोर्ट पुसून सिरिंजने घेतली असेल तर प्रश्नच नाही. बॅगेत साठलेल्यातून घेतली असेल तर लपवू नकोस, आत्ताच डॉक्टरांना फोन कर. अँटिबायोटिकचा पहिला डोस गेला नसेल तर दुसरा नमुना लगेच पाठवता येईल.

तुझी,
सिस्टर