लहान कारखान्याने सप्लायरसाठी सॉफ्टवेअर घ्यावं का?

तुम्ही विचारलंय, पंधरा-वीस सप्लायर असलेल्या कारखान्याने सप्लायर सांभाळायचं सॉफ्टवेअर घ्यावं का, आणि घेतलं तर कोणतं. कोणतं घेता याने फारसा फरक पडत नाही. त्यातले आकडे सप्लायरला दिसतात की नाही, याने पडतो. आमच्या घरात यावरून अजून वाद आहे, म्हणून लिहितेय.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. खरेदी मी बघते, पैसे माझे दीर, म्हणजे भाऊजी. सूत तामिळनाडूच्या मिलमधून दलालामार्फत येतं, डाईंग, म्हणजे रंगाई, बाहेर जॉबवर, म्हणजे मजुरीवर करून घेतो. भाऊजींनी बरेच पैसे घालून सॉफ्टवेअर आणलं. भाव, क्वालिटी, वेळ यांवर ते प्रत्येक पार्टीला गुण देतं. थोड्याच महिन्यांत आमचा डाईंगवाला ‘वेळ’ या रकान्यात लाल झाला. सासऱ्यांच्या काळापासूनचा माणूस. भाऊजी म्हणाले, “आकडा बोलतोय. बंद करा त्याचं काम.”

मी लाल झालेली एक ऑर्डर घेतली, मरून शेडची. गेट रजिस्टर, जॉबवर्कची चलनं आणि व्हॉट्सॲप शेजारी ठेवून एकेक तारीख लावली. सॉफ्टवेअर दिवस मोजत होतं पीओच्या, म्हणजे आमच्या खरेदी ऑर्डरच्या, तारखेपासून. मिलचा ट्रकच उशिरा आल्याने सूत आमच्या गेटमधून बाहेर पडलं आठवड्यानंतर. डाईंगवाल्याने लॅब डिप, म्हणजे मंजुरीसाठीचा रंगाचा नमुना, लगेच पाठवली होती. कार्डावर सुताच्या तीन बारक्या लच्छ्या चिकटवलेल्या, खाली पेनाने ए, बी, सी. ते कार्ड आमच्या ऑफिसात टेबलावर पडून राहिलं आणि ‘बी ओके’ एवढं कळवायला चार-पाच दिवस गेले. ओके मिळाल्यावर त्याने सूत रंगवून, हायड्रो मारून (मशीनमध्ये पाणी पिळून काढून), वाळवून ठरल्या मुदतीत परत दिलं. उशीर मिलचा आणि आमचा, शेरा त्याच्या नावावर. आणि त्याला याचा पत्ताच नाही, कारण स्क्रीन फक्त आमची!

मग मी एक साधी गूगल शीट केली आणि त्याला उघडून दिली. एका लॉटला एक ओळ: सूत दिलं कधी, लॅब डिप आली कधी, ओके दिलं कधी, माल परत कधी, वजन किती गेलं किती आलं, बिल कधी, आणि पैसे दिले कधी. त्याचा मुलगा मोबाईलवर बघतो, पटलं नाही तर तिथेच लिहितो. भांडणं निम्म्याने तरी कमी झाली.

मिलच्या बाबतीतही तेच. पूर्वी आम्ही दलालाला फोन करायचो, “सूत खराब आलंय.” तो म्हणायचा, “तुमच्या मागावर बघा.” आता सूत उतरलं की १२० यार्डांची ली, म्हणजे मोजून घेतलेली लच्छी, काढून वजन करायची, ६४.८ ला त्या ग्रॅमने भागलं की काउंट, म्हणजे सुताची जाडी-बारीकी सांगणारा नंबर, हातात. कोन (सूत गुंडाळलेली शंकूसारखी रिळं) यूव्ही दिव्याखाली धरायचे. लॉट मिक्स असेल तर काही कोन वेगळे चमकतात, आणि असं सूत रंगवलं की टॉवेलवर पट्टे उठतात. त्याचा फोटो, पिशवीवरच्या लॉट नंबरच्या स्टिकरसकट, मिलला गेला की बहुतेक वेळा वाद न घालता बदलून मिळतं.

भाऊजींचं म्हणणं, सप्लायरला आपला हिशेब दाखवायचा नसतो, उद्या भाव वाढवून मागेल. अहो, आपल्याकडून पैसे किती दिवसांनी मिळतात हे त्याला माहीत असतंच, आणि ते त्याने भावात धरलेलंही असतं! शिवाय आयकर कायद्यात ४३बी(एच) आलं, २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं देणं मुदतीत दिलं नाही, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी धरता येतो. मुदत लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. म्हणून कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये पार्टीचा उद्यम नंबर (सूक्ष्म-लघु उद्योगाचा सरकारी नोंदणी नंबर) आणि देय तारीख हे दोन रकाने आधी बघा, स्टार-रेटिंग नंतर. टॅलीत बिलवाइज नोंद नीट ठेवलीत तर कुठलं बिल किती दिवस थकलंय ते तिथेही दिसतं.

हे ४३बी(एच) व्यापाऱ्यांना लागू नाही, फक्त उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांना, तेव्हा यार्न डीलरच्या बाबतीत सीएला विचारा. आणि तुम्ही एक्स्पोर्ट करत असाल, बायर जीओटीएसची (सेंद्रिय कापडाच्या प्रमाणपत्राची) कागदपत्रं मागत असेल, तर गूगल शीटवर भागणार नाही, नीट सिस्टीम लागेल.

सॉफ्टवेअर विकणारा डेमोला आला की त्याला विचारा: सप्लायर लॉगिन करू शकतो का? चुकीच्या आकड्यावर हरकत नोंदवू शकतो का? दिवस पीओपासून मोजता, की माल आणि मंजुरी त्याच्या हातात पडल्यापासून? उत्तर गोलमोल आलं तर घेऊ नका, कितीही स्वस्त असो.

डाईंगवाला अजून आमच्याकडेच आहे. ‘पैसे दिले कधी’ हा रकाना काढा, असं भाऊजी अजून म्हणतात. मी तो काढणार नाही.