फायबरग्लासच्या बोटीच्या डेकवरील आणि स्टेनलेस स्टीलच्या कठड्यांवरील गंजाचे डाग कसे काढावेत?

डेकवरील डाग ऑक्झॅलिक आम्ल असलेल्या जेलने किंवा त्याच्या सौम्य द्रावणाने निघतात. ते डागावर काही मिनिटे ओले राहू द्यावे, मऊ ब्रशने हलके घासावे आणि भरपूर गोड्या पाण्याने धुऊन टाकावे. हे आम्ल गंजातील लोहाशी संयोग पावून पाण्यात विरघळणारे संयुग तयार करते, म्हणून पृष्ठभाग खरवडावा लागत नाही. क्लोरीनयुक्त ब्लीच कटाक्षाने टाळावे, कारण त्याने गंज विरघळत नाही, उलट स्टेनलेस स्टीलला बारीक खड्डे पडू शकतात. लोखंडी तारेच्या घासणीचेही कण मागे राहून नव्याने गंजतात. कठड्यांवरील तपकिरी छटेला बहुधा सायट्रिक आम्लाचे द्रावण पुरते. ऑक्झॅलिक आम्ल विषारी असल्याने हातमोजे आणि संरक्षक चष्मा वापरावा, आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या किंवा ॲल्युमिनियमच्या भागांना ते लागू देऊ नये. मात्र डाग एखाद्या बोल्टच्या बुडातून पुन्हा पुन्हा ओघळत असेल, तर सफाईपेक्षा तो बोल्ट काढून तपासणे मला अधिक निकडीचे वाटते, कारण फटीत साचलेल्या खाऱ्या पाण्याने त्याची दांडी बाहेरून न दिसता झिजलेली असू शकते.