वाचकांचे प्रश्न : एजंटच्या करारावर सही करण्याआधी

प्रश्न : नागपुरातल्या मनीषनगरमध्ये 48 लाखांचा रिसेलचा फ्लॅट पसंत पडला आहे. एजंटने तीन पानी छापील करार पुढे केला आहे. दलाली 2 टक्के, मुदत एक वर्ष, आणि या काळात दुसऱ्या एजंटकडे जायचे नाही असे त्यात लिहिले आहे. सही करावी का?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : लेखी करार करा, तो तुमच्याच कामाचा आहे. पण आहे त्या मसुद्यावर सही करू नका.

सगळ्यात आधी दलाली नेमकी कधी द्यायची, ते वाक्य शोधा. छापील मसुद्यात बहुधा 'सौदा ठरल्यावर दलाली देय होईल' एवढेच असते. इसारचिठ्ठी झाली की एजंटच्या लेखी सौदा ठरला. पुढे विक्रेत्याच्या बहिणीने हिश्श्याची हरकत घेतली किंवा बँकेने कर्ज नाकारले, तरी तो दलाली मागू शकतो, आणि तुमची सही त्याच्या हातात असते. खरे तर भारतीय करार कायदा, 1872 चे कलम 219 तुमच्या बाजूने आहे : वेगळे काही ठरलेले नसेल तर काम पुरे झाल्याशिवाय एजंटचा मोबदला देय होत नाही. 'वेगळे काही' ठरते ते नेमके या छापील वाक्याने. त्याच्या जागी असे लिहून घ्या :

'दुय्यम निबंधक कार्यालयात विक्रीपत्राची नोंदणी झाल्यावर दलाली देय होईल. मालकी हक्कातील दोष, विक्रेत्याची माघार किंवा बँकेने कर्ज नाकारणे यांमुळे व्यवहार न झाल्यास दलाली देय होणार नाही.'

नोंदणीपर्यंत थांबायला एजंट तयार होत नसेल, तर अर्धी रक्कम विक्रेत्यासोबतच्या नोंदणीकृत विक्री करारनाम्याच्या वेळी आणि अर्धी विक्रीपत्राच्या वेळी द्या. महिनाभर फिरलेल्या माणसाची ही मागणी रास्त आहे. फक्त वरच्या कारणांनी व्यवहार मोडला तर पहिली अर्धी रक्कम किती दिवसांत परत मिळेल, तेही लिहा.

दुसरा मुद्दा, 2 टक्के कशावर? रिसेलच्या दलालीचा दर कायद्याने ठरवलेला नाही. बाजारात साधारण एक ते दोन टक्के चालतो आणि तो बोलून कमी होतो. 48 लाखांवर 2 टक्के म्हणजे 96,000. मसुद्यात 'एकूण खरेदी खर्चावर' असे असेल आणि मुद्रांक, नोंदणी, पार्किंग धरून आकडा 52 लाखांवर गेला, तर तीच दलाली 1,04,000 होते. म्हणून 'विक्रीपत्रातील मोबदल्यावर' हे शब्द घाला, किंवा सरळ ठोक रक्कम लिहा. आमचा कल ठोक रकमेकडे आहे, कारण किंमत वाढली की टक्केवारीवाल्या एजंटची दलालीही वाढते. तुमच्यासाठी भाव पाडून घेण्यात त्याचा फायदा उरत नाही.

वर्षभराचे बंधन मान्य करू नका. दोन ते तीन महिने पुरे. त्यातही बंधन 'नागपुरातील कोणत्याही मालमत्तेसाठी' नको. एजंटने प्रत्यक्ष दाखवलेल्या फ्लॅटची यादी कराराला जोडा : स्कीमचे नाव, फ्लॅट क्रमांक, दाखवल्याची तारीख, दोघांच्या सह्या. मुदत संपल्यावर काही महिने दलालीचा हक्क चालू ठेवणारे कलम असतेच. ते या यादीपुरतेच ठेवा. यादी नसली की तुमच्या मावसभावाने सुचवलेल्या घरावरही एजंट हक्क सांगतो. बघायला जाताना सहीसाठी दिली जाणारी व्हिजिट स्लिपसुद्धा तळाच्या बारीक अक्षरांसकट वाचा. 'कुटुंबातील कोणीही ही मालमत्ता घेतल्यास 2 टक्के देय' असे वाक्य तिथे असू शकते, आणि मोटरसायकलच्या सीटवर कागद ठेवून घाईत केलेली सहीही सहीच असते.

एजंट विक्रेत्याकडूनही दलाली घेणार आहे का, हे विचारून उत्तर करारात लिहा. दोन्हीकडून घेणे चालते, पण तुमच्यापासून ते लपवलेले नसावे. फ्लॅट त्याचाच किंवा त्याच्या नातेवाइकाचा असेल तर तेही उघड सांगायला लावा. तुमच्या संमतीशिवाय एजंटने स्वतःच्या फायद्यासाठी व्यवहार केला आणि महत्त्वाची गोष्ट दडवली, तर करार कायद्याच्याच कलम 215 नुसार तो व्यवहार तुम्हाला नाकारता येतो.

'कागदपत्रांची जबाबदारी एजंटवर राहणार नाही' हे कलम तुम्ही काढू म्हटले तरी तो काढणार नाही. मग त्याच्या 'कागद क्लिअर आहेत' या शब्दावर विसंबू नका. स्वतःचा वकील लावून तीस वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध, घ्या. नागपुरात आखीव पत्रिका (भूखंडाचा सरकारी मालकी-उतारा), मंजूर नकाशा, डीड ऑफ डिक्लरेशन (इमारतीतले फ्लॅट आणि सामायिक जागा जाहीर करणारा नोंदणीकृत दस्त) आणि असोसिएशनचे थकबाकी नसल्याचे पत्र पाहावेच लागते. भूखंड नागपूर सुधार प्रन्यासच्या लीजवरचा असेल तर लीजची मुदत आणि हस्तांतरणाची परवानगीही पाहा.

छापील मजकुरात बदल करताना शब्द खोडून वर नवे लिहा आणि प्रत्येक खोडीशेजारी दोघांनी सही करा. कोरी जागा ठेवू नका. आडवी रेघ मारा. ऑक्टोबर 2024 मध्ये महाराष्ट्रात 100 रुपयांच्या जागी 500 रुपयांचे मुद्रांक आले, त्यामुळे जुन्या 100 च्या कागदावर करार करू नका. एक मूळ प्रत तुमच्याकडे राहू द्या.

प्रश्न : एजंटला 51,000 रुपये टोकन रोख दिले. पावती त्याच्या लेटरहेडवर आहे. फ्लॅट मंजूर नकाशात नसलेल्या मजल्यावर असल्याने बँकेने कर्ज नाकारले. आता तो म्हणतो, टोकन बुडाले.
– एक वाचक, नंदनवन

उत्तर : बुडालेले नाही. टोकन जप्त करायचे तर तशी स्पष्ट अट लागते आणि माघारीचा दोष खरेदीदाराचा असावा लागतो. इथे दोष मालमत्तेत आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 55 नुसार असा महत्त्वाचा दोष सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे, आणि योग्य कारणाने खरेदी नाकारणाऱ्याला इसार परत मागता येतो.

बँकेकडून नकाराचे कारण लेखी घ्या. ते जोडून विक्रेता आणि एजंट दोघांनाही स्पीड पोस्टने 15 दिवसांची नोटीस पाठवा. दोघांना यासाठी, की पैसे विक्रेत्यापर्यंत पोहोचले की एजंटकडेच राहिले, हे उत्तरातून कळेल. एजंटशी दलाली ठरली असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही.

पुढच्या वेळी टोकन एजंटच्या हातात मुळीच देऊ नका. विक्रेत्याच्या नावाने चेक किंवा बँक ट्रान्सफर, आणि इसारचिठ्ठीवर विक्रेत्याची सही. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्याची बंदी आहे, आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होतो. रोख मागणाऱ्याला हेच सांगा.

प्रश्न : बेसा भागात नवीन स्कीम पाहतो आहोत. एजंट म्हणतो, दलाली बिल्डर देतो, तुम्ही फक्त फॉर्म भरा. काय तपासावे?
– एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्य प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचा आणि एजंटचा नोंदणी क्रमांक वेगवेगळा तपासा. एजंटची नोंदणी पाच वर्षांची असते, ती संपलेली नाही ना ते पाहा. नोंदणी नसलेल्या एजंटला नोंदणीकृत प्रकल्पातील घर विकता येत नाही. दंड दिवसाला 10,000 रुपये, सदनिकेच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत.

पण भूखंड 500 चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. 500 चौरस मीटर म्हणजे सुमारे 5,380 चौरस फूट. बेसा, बेलतरोडी भागात तीन हजार फुटांच्या प्लॉटवरची स्कीम यात सहज बसते, आणि तिथे महारेराचा आधार मिळत नाही. अशा ठिकाणी पहिल्या उत्तरातल्या अटी जास्तच गरजेच्या.

फॉर्मवर 'खरेदीदाराकडून कोणतीही दलाली घेतली जाणार नाही' असे लिहून एजंटची सही घ्या. प्रकल्प नोंदणीकृत असेल तर विक्री करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

प्रश्न : दलालीवर जीएसटी द्यावा लागतो का?
– एक वाचक, महाल

उत्तर : एजंट जीएसटीत नोंदणीकृत असेल तरच, 18 टक्के. 96,000 वर 17,280. बिलावर जीएसटी क्रमांक नसेल तर कर देऊ नका. करारात 'जीएसटीसह' की 'जीएसटी वेगळा' हे ठरवून घ्या.