वाचकांचे प्रश्न : फर्नेस पेटते आणि लगेच विझते, असे का?

प्रश्न : आम्ही उन्हाळ्यात घर घेतले आणि त्यासोबत गॅसवर चालणारी पंधरा वर्षांची फर्नेस (घर गरम करणारी भट्टी) आली. थंडी पडल्यापासून ती पेटते, चार-पाच सेकंदांत विझते आणि दोन-तीनदा असे झाले की तासभर काहीच करत नाही. दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनी नवी बसवण्याचा सल्ला दिला. तो मानावा का?
– एक वाचिका, नेपरव्हिल (शिकागोजवळ)

उत्तर : एवढ्या एका लक्षणावरून तरी मुळीच मानू नये. थर्मोस्टॅटने (घराचे तापमान राखणाऱ्या उपकरणाने) उष्णता मागितली की आधी एक लहान पंखा धूर बाहेर ओढू लागतो, तो खरोखर ओढतो आहे हे प्रेशर स्विच तपासतो, मग गॅस पेटवणारा इग्नायटर लालभडक होतो, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, ज्योत पेटते आणि साधारण अर्ध्या-एक मिनिटाने ब्लोअर गरम हवा घरभर ढकलू लागतो. या प्रत्येक टप्प्यावर पहारा आहे आणि पहारेकऱ्याची खात्री पटली नाही की तो पुढचे काम थांबवतो. आपण ज्याला बिघाड म्हणतो, तो बहुतेक वेळा हाच नकार असतो.

आपल्या फर्नेसमध्ये हा नकार फ्लेम सेन्सर देत असावा. ही पेन्सिलीहून बारीक अशी धातूची कांडी ज्योतीतच असते आणि ज्योत जळत असताना तिच्यातून काही मायक्रोअँपिअर इतकाच वीजप्रवाह वाहतो. कांडीवर पांढुरके कीट चढले की तो प्रवाह तुटतो, समोर ज्योत असूनही कंट्रोल बोर्डाला ती कळत नाही आणि न जळलेला गॅस साचू नये म्हणून तो व्हॉल्व्ह मिटवतो.

झाकण काढण्यापूर्वी त्याच्या काचेतून आत लुकलुकणारा लहान दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजून ठेवावे, कारण वीज बंद केल्यावर ती खूण पुसली जाऊ शकते. तिचा अर्थ बहुधा झाकणाच्या आतल्या बाजूच्या तक्त्यात दिलेला असतो. मग वीज आणि गॅस दोन्ही बंद करावेत, सेन्सरचा एकुलता स्क्रू काढावा, कांडी बारीक स्टील वूलने हलक्या हाताने घासून कोरड्या फडक्याने पुसावी. जवळच असलेल्या इग्नायटरला मात्र बोट लावू नये. तो काचेच्या बांगडीइतका ठिसूळ असतो. झाकण परत लावताना ते नीट बसले नाही तर त्यामागचा सुरक्षा स्विच दाबला जात नाही आणि फर्नेस पूर्ण निपचित राहते. अनेक जण घाबरतात ते इथेच. झाकण काढून आत हात घालण्याची भीती वाटत असेल तर तंत्रज्ञाला बोलवावे, पण 'सेन्सर साफ करून पाहा' असे स्पष्ट सांगावे.

फर्नेस पाच-दहा मिनिटे नीट चालून मग ज्योत विझत असेल आणि पंखा थंड हवा फेकत राहत असेल, तर तो दोष वेगळा : फिल्टर तुंबल्यामुळे हवा पुरेशी फिरत नाही, आतला भाग तापतो आणि लिमिट स्विच ज्योत बंद करतो. एक इंच जाडीच्या फिल्टरच्या वेष्टनावर बऱ्याचदा तीन महिने लिहिलेले असते, पण आपल्या घरात रोज फोडणी होते, देवापुढे उदबत्ती लागते. अशा घरात मी दर महिन्याला तो उजेडासमोर धरून पाहण्यास सांगेन. उजेड आरपार येत नसेल तर बदलावा आणि चौकटीवरचा बाण फर्नेसच्या दिशेने ठेवावा.

प्रश्न : हिमवादळानंतर आमची नवी फर्नेस बंद पडली. आतून पाण्याची गुडगुड ऐकू येते.
– एक वाचक, ब्रॅम्प्टन (कॅनडा)

उत्तर : आधी बाहेर जाऊन भिंतीतून निघालेल्या, फर्नेसची हवा आणि धूर वाहणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्यांच्या तोंडावरचे बर्फ हाताने काढावे. नव्या फर्नेस धुरातील वाफेचीही उष्णता काढून घेतात, त्यामुळे आत पाणी साचते. त्याची निचऱ्याची नळी तुंबली वा गोठली तरी प्रेशर स्विच फर्नेस चालू होऊ देत नाही. गुडगुड त्याच पाण्याची असणार.

प्रश्न : सांगलीहून आलेल्या आई-बाबांना रोज सकाळी डोकेदुखी आणि मळमळ होते, फिरून आले की बरे वाटते. त्यांची खोली बेसमेंटमध्ये, फर्नेसशेजारी आहे. हवा मानवत नसेल का?
– एक वाचिका, एडिसन (न्यू जर्सी)

उत्तर : हवापालट समजून एक रात्रही जाऊ देऊ नये. घरात त्रास आणि बाहेर आराम ही कार्बन मोनॉक्साइडची ओळखीची खूण आहे. या वायूला रंग नाही, वास नाही. तो फर्नेसच्या तडकलेल्या हीट एक्स्चेंजरमधून (ज्योतीची उष्णता हवेला देणाऱ्या धातूच्या भागातून) किंवा तुंबलेल्या धुराड्यातून घरात येऊ शकतो. सर्वांना घेऊन ताबडतोब घराबाहेर पडावे, बाहेरूनच 911 या आणीबाणीच्या क्रमांकाला फोन करावा, आई-बाबांना डॉक्टरांना दाखवावे आणि तपासणी होईपर्यंत फर्नेस चालू करू नये. गॅसचा वास आला तरी हेच करावे, फक्त जाताना दिव्याचे बटणही दाबू नये.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक मजल्यावर आणि झोपण्याच्या खोल्यांजवळ हवा. त्याचेही आयुष्य ठरलेले असते, म्हणून आधीच्या मालकाने लावलेला अलार्म उलटा करून मागची तारीख पाहावी.