गिझरच्या किमतीत सगळं आलं का?

प्रश्न : २५ लिटरचा गिझर घ्यायचा आहे. 'किमतीत सगळं आलं' असं विक्रेता म्हणतो. वेगळा खर्च येतो का?

उत्तर : येतो, आणि तो बहुतेक वेळा भिंतीतच दडलेला असतो. २,००० वॉटचा गिझर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. ६ अँपिअरच्या सॉकेटचं ते काम नाही. १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, थेट बोर्डापासून जाड तार, वेगळा एमसीबी (जास्त वीज ओढली गेली की आपोआप पडणारा स्विच) आणि खरंखुरं अर्थिंग हवं. 'खरंखुरं' म्हणतो, कारण सॉकेटला तिसरं भोक आहे पण मागे तारच नाही, असं मी कितीदा तरी पाहिलंय. माझ्याच घरी होतं! प्लगची पिन तपकिरी होऊन वितळली, तेव्हा कुठे सॉकेट उघडून बघितलं.

भिंतही ठोकून बघा. भरलेल्या टाकीत नुसतं पाणीच २५ किलो असतं. पोकळ विटांत साधे स्क्रू टिकत नाहीत. जास्तीचा दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह बसवलाय ना, हे स्वतः पाहा, आणि त्याचं तोंड कधीही बंद करू नका. जोडनळ्या बऱ्याचदा वेगळ्या घ्याव्या लागतात.

विजेचं म्हणाल तर २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला सव्वा युनिटच्या आसपास लागतं. बादलीभर पाण्यावर भागत असेल तर २५ लिटर कशाला? १५ चा घ्या. आणि पाणी भरल्याशिवाय बटण दाबू नका, कॉइल जळते.