टग विकली, पण कागद परत आले

प्रश्न : उरणला आमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. संचालक दोघेच, मी आणि थोरले बंधू. ते दुबईत असतात. मुंबई बंदरात नोंदलेली आमची एकुलती एक टग (मोठी जहाजं ओढणारी बोट) आम्ही परदेशी कंपनीला विकतोय, ते तिच्यावर पनामाचा झेंडा लावणार आहेत. त्यांच्या वकिलाने बिल ऑफ सेल (विक्रीपत्र), कंपनीचा ठराव, जहाज-रजिस्टरचा उतारा आणि डिलीशन सर्टिफिकेट (इथली नोंद रद्द झाल्याचा दाखला) ‘नोटरी आणि अपोस्टिल’ (परदेशात कागद चालावा म्हणून सरकारी प्रमाणपत्र) करून मागितलं. बंधूंनी सह्या करून कागद कुरियरने पाठवले. मी इथल्या नोटरीकडून सगळ्यांवर शिक्के मारून घेतले, रजिस्ट्रेशन सर्टिफिकेटच्या झेरॉक्सवरही. खरेदीदाराच्या वकिलाने सगळा गठ्ठा परत पाठवला. व्यवहार तीन आठवड्यांत पुरा करायचा आहे. आमचं काय चुकलं?

उत्तर : दोन गोष्टी चुकल्या. एक अडाणीपणाची, ती निस्तरता येते. दुसरी गंभीर आहे, तिच्याबद्दल आधी बोलतो.

बंधू दुबईत आणि त्यांच्या सहीवर उरणच्या नोटरीचा शिक्का, हे कसं जमलं? ‘अमुक माणसाने अमुक तारखेला माझ्यासमोर सही केली’ एवढंच नोटरी सांगतो, आणि त्या एका वाक्यासाठीच जग त्याच्या शिक्क्याला किंमत देतं. तुमच्या कागदावरचं ते वाक्य खोटं आहे. बंधूंचा पासपोर्ट उघडला की त्या तारखेला ते भारतात नव्हते हे कुणालाही दिसेल. उद्या टगच्या मालकीवरून वाद झाला तर समोरचा वकील पहिला हाच धागा ओढेल, आणि तेव्हा ‘नोटरीने मारून दिला’ हे उत्तर चालणार नाही. कागद तुम्ही नेला होता. हा गठ्ठा पुन्हा कुठेही वापरू नका. प्रत्येक पानावर ‘रद्द’ लिहून बाजूला ठेवा. खाडाखोड करून तारीख बदलण्याचा सल्ला कुणी दिलाच, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

खरं म्हणजे बंधूंच्या सहीची गरजच नाही. संचालक मंडळाची बैठक व्हिडिओवरून घेता येते, २०१३ चा कंपनी कायदा तशी मुभा देतो. दोघे हजर असलात की गणपूर्ती होते. टग विकायची आणि बिल ऑफ सेलवर सही तुम्ही करायची, असा ठराव करा. बैठकीला सात दिवसांची नोटीस लागते, म्हणून ती आजच काढा. ठरावाची प्रत मात्र सीएसकडून (कंपनी सेक्रेटरीकडून) प्रमाणित करून घ्या. स्वतःला अधिकार देणाऱ्या ठरावावर ‘खरी प्रत’ म्हणून स्वतःच सही केली तर परक्या वकिलाच्या कपाळाला आठी पडतेच. एकुलती टग विकताय म्हणून तो भागधारकांचा ठरावही मागेल. वार्षिक विवरणपत्रं वेळेवर भरणाऱ्या प्रायव्हेट कंपनीला आपल्या कायद्याने त्यातून सूट दिली आहे, पण त्यावर वाद घालत बसू नका. भागधारक तुम्हीच असाल तर देऊन टाका.

तरीही बंधूंचीच सही हवी असा हट्ट झाला, तर दुबईतल्या भारतीय वकिलातीत सही करून ती अपोस्टिलला पाठवण्याचा खटाटोप नको. वकिलातीने केलेले दस्तऐवज अपोस्टिलच्या करारात बसतच नाहीत. शिवाय अमिरात त्या करारात नाही, म्हणजे तिथल्या नोटरीकडे गेलात तर वकिलातींच्या शिक्क्यांची वेगळी साखळी लागते. त्यापेक्षा बंधूंनी एका दिवसासाठी मुंबईला येऊन जावं, स्वस्त पडेल.

आता ती अडाणीपणाची चूक. कागदांचे दोन ढीग करा. एकात तुम्ही तयार केलेले कागद : बिल ऑफ सेल, ठराव, पनामातल्या एजंटसाठी कुलमुखत्यारपत्र लागलं तर तेही. दुसऱ्यात सरकारने दिलेले : रजिस्टरचा उतारा आणि डिलीशन सर्टिफिकेट. हे एमएमडीतले (मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंट, जहाजांची नोंद ठेवणारं सरकारी खातं) रजिस्ट्रार देतात. नोटरी फक्त पहिल्या ढिगाला लागतो. दुसऱ्या ढिगातले कागद मुळातच सार्वजनिक दस्तऐवज आहेत. त्यांची झेरॉक्स काढून नोटरी केलीत तर पुढे अपोस्टिल लागतं ते नोटरीच्या सहीला, रजिस्ट्रारची सही कुणी तपासतच नाही. पनामाच्या बाजूला नेमकी तीच हवी असते. म्हणून एमएमडीकडून ताजा, मूळ सहीशिक्क्याचा उतारा घ्या आणि तो तसाच अपोस्टिलला द्या. त्या अधिकाऱ्याची सही परराष्ट्र मंत्रालयाला पडताळता येईल ना, हे मंत्रालयाने अपोस्टिलसाठी नेमलेल्या एजन्सीला आधीच विचारून घ्या.

अपोस्टिल म्हणजे १९६१ च्या हेग करारातलं प्रमाणपत्र. निदान नऊ सेंटिमीटर बाजूचा चौकोन आणि त्यात दहा मुद्दे. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे आणि पनामाही त्यात आहे, त्यामुळे पनामाच्या वकिलातीचा वेगळा शिक्का लागू नये. ते प्रमाणपत्र सांगतं की सही खरी आहे आणि सही करणाऱ्याला तो अधिकार होता. आतल्या मजकुराची हमी ते देत नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मंत्रालय अर्ज थेट घेत नाही, नेमलेल्या एजन्सींमार्फत जावं लागतं. सरकारी शुल्क कागदामागे अवघे पन्नास रुपये. त्यावर मध्यस्थ किती लावतो ते त्याच्या तोंडून नाही, पावतीवरून पाहा. व्यापारी कागदांना आधी चेंबर ऑफ कॉमर्सचं प्रमाणन लागतं. म्हणजे बिल ऑफ सेलचा प्रवास नोटरी, चेंबर, मंत्रालय असा. कुलमुखत्यारपत्र पाचशेच्या स्टॅम्पवर करा.

तुम्ही पाठवलेला बिल ऑफ सेलचा मसुदा वाचला. कुठल्या तरी ब्रिटिश नमुन्यावरून उचललेला दिसतो, कारण त्यात टगचे ‘चौसष्टपैकी चौसष्ट’ हिस्से विकले आहेत. ब्रिटिश जहाजाचे चौसष्ट हिस्से असतात. आपल्याकडे १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याखाली झालेल्या नोंदीत जहाजाचे दहा हिस्से धरलेले आहेत. रजिस्टरमध्ये दहा आणि विक्रीपत्रात चौसष्ट असं दिसलं तर रजिस्ट्रार कागद बाजूला ठेवेल. उताऱ्यावरचे हिस्से, टगचं नाव, अधिकृत क्रमांक आणि टनेज अक्षरशः उतरवून घ्या, जुन्या विम्याच्या कागदावरून नाही. स्वतःचं नावही पासपोर्टवर आहे तसंच लिहा. मधलं वडिलांचं नाव एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यावरून परदेशातला कारकून तुम्हाला दोन वेगळी माणसं समजतो.

मूळ रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट कुणाच्याही हाती देऊ नका, एजंटच्या तर नकोच. ते जहाजाबरोबर राहतं आणि नोंद बंद होताना एमएमडीत परत जातं.

डिलीशनपूर्वी खलाशांचे सगळे पगार चुकते हवेत आणि विक्रीची नोटीस डीजी शिपिंगला (केंद्राच्या जहाजवाहतूक महासंचालकांना) दिलेली हवी. टगवर बँकेचं कर्ज असेल तर आणखी एक जागा सांभाळा. कर्ज फिटलं, बँकेचं नाहरकत पत्र आलं, आरओसीकडचा (कंपनी निबंधकाकडचा) बोजा उतरला, एवढ्याने काम संपत नाही. जहाजाच्या रजिस्टरमधली गहाणाची नोंद वेगळी असते आणि ती रजिस्ट्रारकडूनच काढावी लागते. उतारा घेतल्यावर सगळ्यात आधी तोच रकाना पाहा.

पैसे हाती यायच्या आधी नोंद रद्द करू नका. नाहीतर टग भारताची राहणार नाही, पनामाचीही झालेली नसेल आणि खरेदीदार भाव पाडायला बसेल. व्यवहाराच्या दिवशी बोजा नसल्याचा ताजा उतारा द्या आणि ठरावीक दिवसांत डिलीशन सर्टिफिकेट देण्याची लेखी हमी द्या. अशी हमी बहुधा मान्य होते.

आजच खरेदीदाराच्या वकिलाला ईमेल टाका : कोणता कागद मूळ हवा, कोणाची प्रत चालेल, कशावर अपोस्टिल हवं, आणि स्पॅनिश भाषांतर तिकडच्या अधिकृत भाषांतरकाराकडून ते करून घेणार की तुम्ही. उत्तर लेखी येईपर्यंत एकही कागद नोटरीकडे नेऊ नका.