वाढलेला शेअर : विकू की ठेवू?

"शेअर कित्येक पटींनी वाढला आहे, आता विकू की आणखी थांबू?" हा प्रश्न आर्थिक समुपदेशनासाठी येणाऱ्या तरुणांकडून गेल्या काही वर्षांत वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांची ही पहिलीच गुंतवणूक असते आणि त्यांना एका शब्दात उत्तर हवे असते. ते उत्तर मी देत नाही. मोबदला घेऊन एखादा शेअर घ्या किंवा विका असा सल्ला देण्यासाठी 'सेबी' या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेकडे गुंतवणूक सल्लागार म्हणून नोंदणी असावी लागते आणि ती माझी नाही. मात्र विचारणाऱ्याच्या हिशोबात आणि मनात नेमके काय अडकले आहे, हे त्याच्यासोबत बसून उलगडता येते. पुढील प्रकरणातील व्यक्तीची ओळख पटेल असे सर्व तपशील बदलले आहेत.

नाशिकमधील एका औषधनिर्मिती कंपनीत गुणवत्ता तपासणीचे काम करणारी एक तरुणी जुलै 2024 च्या मध्यात माझ्याकडे आली. नोव्हेंबर 2023 मध्ये सहकाऱ्यांच्या आग्रहाने तिने 'इरेडा' या कंपनीच्या आयपीओसाठी, म्हणजे लोकांना पहिल्यांदा शेअर देऊ करणाऱ्या विक्रीसाठी, अर्ज केला होता आणि 32 रुपये भावाने 460 शेअरचा एक लॉट (गठ्ठा) तिला मिळाला होता. त्यासाठी 14,720 रुपये गेले होते. शेअर बाजारात 50 रुपयांना लिस्ट झाला, म्हणजे त्या भावाने त्याची खरेदी-विक्री सुरू झाली, फेब्रुवारीत 200 च्या वर गेला, मार्चमध्ये 150 च्याही खाली आला आणि ती माझ्याकडे आली तेव्हा 300 च्या आसपास होता. तिच्या 14,720 रुपयांचे 1,38,000 झाले होते. कामावर असताना दर थोड्या वेळाने भाव पाहण्याची सवय लागली होती, रात्री झोप येत नव्हती आणि टेलिग्रामच्या एका गटावर कोणीतरी 500 चे 'टार्गेट' दिले होते. मामांचे म्हणणे मात्र "नफा झाला की बाहेर पडायचे" असे होते.

मी तिला प्रथम विचारले की ही कंपनी काय करते. "सौर पॅनेल बनवते," असे तिने ठामपणे सांगितले. वास्तविक इरेडा ही केंद्र सरकारच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या अखत्यारीतील वित्तसंस्था आहे. ती पॅनेल बनवत नाही, सौर, पवन आणि तत्सम प्रकल्पांना कर्ज देते. कर्ज देणाऱ्या संस्थेचे भवितव्य वसुलीवर, व्याजदरांवर आणि तिच्या स्वतःच्या भांडवलावर अवलंबून असते, पॅनेलच्या मागणीवर थेट नाही. म्हणून शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरून कंपनीचे निकाल वाचून पुढच्या भेटीला येण्यास मी तिला सांगितले. ती हुशार असल्याने आकडे बरोबर शोधून आली: 2023-24 चा निव्वळ नफा सुमारे 1,252 कोटी, म्हणजे एका शेअरमागे पाच रुपयांच्या आत-बाहेर. पाच रुपये कमावणाऱ्या शेअरला लोक 300 रुपये देत आहेत, हे तिने स्वतःच कागदावर लिहिले आणि थोडा वेळ त्याकडे पाहत राहिली.

तरीही त्यावरून "मग विकाच" असा निष्कर्ष निघत नाही. महाग शेअर आणखी महाग होऊ शकतो, आणि नवख्या गुंतवणूकदाराची नेहमीची चूक वाढलेला शेअर घाईने विकणे आणि पडलेला धरून ठेवणे ही असते, असे हर्श शेफ्रिन आणि मायर स्टॅटमन या अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी 1985 मध्येच मांडले होते. मामांचा सल्ला त्या दृष्टीने तितकासा निर्दोष नाही. पण टेलिग्रामवरील टार्गेटला तर कशाचाच आधार नव्हता. पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉन या पवनऊर्जा कंपनीच्या शेअरचा भाव 2008 च्या सुरुवातीला 400 च्या वर होता आणि 2020 मध्ये तो दोन रुपयांच्याही खाली गेला होता; वर जातानाही टार्गेट देणाऱ्यांची वानवा नसते.

खरा गुंता दुसऱ्या भेटीत बाहेर आला. तिच्या धाकट्या भावाला पुण्याच्या खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळण्याची शक्यता होती आणि पहिल्या हप्त्यासाठी 70,000 रुपये लागणार होते. शेअरला हात लागू नये म्हणून आईच्या पाटल्या तारण ठेवून कर्ज काढायचे, असे घरात ठरत आले होते. मी तिला विचारले, "आज तुमच्याकडे हे शेअर नसते, तर पाटल्या गहाण ठेवून 300 रुपयांनी ते विकत घेतले असते का?" ती लगेच "अजिबात नाही" म्हणाली. पण तारण ठेवून शेअर सांभाळणे म्हणजे तेच करणे होते, फक्त ते तसे दिसत नव्हते.

तिच्याकडे 1,20,000 रुपयांची मुदत ठेव होती. आठ महिन्यांपूर्वी तिच्या बचतीचा जेमतेम नववा हिस्सा या शेअरमध्ये होता. आता निम्म्याहून अधिक होता. अर्धी बचत एका कंपनीत ठेवण्याचा निर्णय तिने कधीही घेतला नव्हता, तो शेअरच्या वाढत्या किमतीने परस्पर घेतला होता. माझ्या मते नवख्या माणसाने पाहायची गोष्ट हीच आहे. "विकू की ठेवू" या प्रश्नाची दोनच उत्तरे असतात आणि दोन्हींमध्ये पश्चात्तापाची भीती असते. "किती ठेवू" असे विचारले की विचार करायला जागा मिळते. शेअर एकेक करून विकता येतात, ही साधी बाब भाव वर चढत असताना कोणालाच आठवत नाही.

तिच्या दोन शंका रास्त होत्या. पहिली कराची: वर्ष पूर्ण होण्याआधी विकल्यास तेव्हा नफ्यावर 15 टक्के कर आणि उपकर होता, तर नोव्हेंबरअखेरपर्यंत थांबल्यास दीर्घकालीन नफा ठरून एक लाखापर्यंत काहीच कर लागला नसता. आम्ही आकडेमोड केली. सर्व शेअर विकल्यास सुमारे 19,000 रुपये कर बसत होता, पण थांबण्याच्या काळात भाव 300 वरून 260 वर आला की कराची सगळी बचत संपत होती, आणि चाळीस रुपयांची घसरण या शेअरला मुळीच अवघड नव्हती. दुसरी शंका स्टॉप लॉसची, म्हणजे भाव ठरलेल्या पातळीखाली गेला की शेअर आपोआप विकण्याच्या ऑर्डरची: तो लावला म्हणजे निश्चिंत राहता येईल, असे तिला वाटत होते. शेअर लोअर सर्किटला, म्हणजे एका दिवसातील घसरणीच्या ठरलेल्या मर्यादेला, लागला तर घेणाराच नसतो आणि आपली ऑर्डर तशीच पडून राहते, हे मी सांगितले. 4 जूनला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, सरकारी कंपन्यांचे शेअर कसे कोसळले ते तिने पाहिले होते. पण ते पुन्हा सावरल्यामुळे तिच्या मनात "पडतो आणि उठतो" एवढाच धडा उरला होता.

तिने 280 शेअर 300 च्या आसपास विकले. साधारण 84,000 रुपये आले, त्यातून कराचे सुमारे 12,000 वेगळे ठेवून धाकट्या भावाच्या हप्त्याची सोय झाली आणि पाटल्या घरातच राहिल्या. उरलेल्या 180 शेअरबाबत तिने वहीत लिहिले की ते पुढील वार्षिक निकालापर्यंत विकायचे नाहीत आणि भाव आठवड्यातून एकदाच पाहायचा. त्यानंतर 23 जुलैच्या अर्थसंकल्पात अल्पकालीन नफ्यावरील कर 20 टक्के आणि दीर्घकालीन नफ्यावरील 12.5 टक्के झाला, करमुक्त मर्यादा सव्वा लाखावर गेली. हे आम्हा दोघांपैकी कोणालाही आधी माहीत नव्हते, तो निव्वळ योगायोग.

मार्च 2025 मध्ये भाव 150 च्या खाली गेला तेव्हा तिचा फोन आला: "मॅडम, सगळेच का विकले नाहीत?" मी म्हटले, "भाव 600 झाला असता तर तुम्ही '280 तरी का विकले' असे विचारले असते." त्यावर ती हसली, पण तिचे समाधान झाले नव्हते आणि ते व्हावे असा माझाही आग्रह नव्हता. एप्रिलमध्ये कंपनीचे वार्षिक निकाल आले. नफा सुमारे 1,699 कोटींवर गेला होता, तरी भाव जुलैच्या जवळपास निम्माच होता. कंपनी चांगली चालूनही असे का, हे तिने या वेळी मला विचारले नाही. पाच रुपयांच्या कमाईला 300 मोजले गेले होते, ते तिच्या वहीत लिहिलेले होतेच. तिने 180 पैकी 80 शेअर विकून पैसे इंडेक्स फंडात, म्हणजे निर्देशांकातील अनेक कंपन्यांमध्ये एकत्र पैसे गुंतवणाऱ्या फंडात, वळवले आणि उरलेले 100 पुढच्या वार्षिक निकालापर्यंत ठेवायचे ठरवले.